एकोणिसावा पट्टा

चाळीस पट्टे पिशवीत घालून आम्ही उतरलो
मलप्रभेच्या अलीकडे, कापलेल्या भाताच्या खाचरात.
ताडपत्रीखालून धसकटं टोचत होती,
वर बायका, पोरं, चुरमुऱ्याच्या पुड्या.
नाटक साडेदहाचं. म्हणजे बाराला.

उद्यमबागेतल्या कॉलेजात मी प्रयोगशाळेची मदतनीस.
मनगट धरायचं, पट्टा आवळायचा,
खालचा हिरवा दिवा लागला
की पुढच्या माणसाकडे सरकायचं.
नाडी, घाम, कातडीची ऊब :
माणूस नाटकात कुठं गुंततो
ते सरांना आकड्यात हवं होतं.

फॉर्मवर अडलं.
मातृभाषा, एकच लिहा.
निंगव्वा म्हणाली, "घरातली की बाजारातली?"
मागचा म्हातारा, "आईची की बायकोची?"
गुंडू मास्तरांनी ठळक लिहिलं
आणि खाली दोनदा रेघ ओढली.
निंगव्वाचा रकाना मी तसाच सोडला.

पडदा वर गेला.
सातेरी घाडी, दिवसा खानापुरात पंक्चर काढणारा,
राजा झाला;
बोटांवरचं काळं तेवढं राजाचं नव्हतं.
तिसऱ्या अंकात त्यानं लेकाला वेशीबाहेर काढलं
तेव्हा चौथ्या रांगेतून कुणीतरी "अय्यो" म्हणालं.
कुठल्या भाषेत, ते कळायला मार्ग नव्हता.

दोन वाजून दहा मिनिटांनी जनरेटर बसला.
"गप बस की." "सुम्क कुंद्रु."
पोरांना दोन्हीकडून दटावणी.
आणि मग त्या काळोखात
मनगटांच्या कडेनं झिरपत
चाळीस हिरवे ठिपके.
काजव्यांचे दिवस नव्हते ते, फेब्रुवारी होता.
सातेरी अंधारातही संवाद ओढत होता,
तो मध्येच थांबला.
पडद्यामागून भरमा पुढची ओळ सांगत राहिला,
एकदा, दोनदा,
पण राजाला ऐकूच येईना.
तो आमच्याकडे बघत होता.
आयुष्यात पहिल्यांदाच
त्याला प्रेक्षक दिसत होते.
एक ठिपका मात्र फार खाली होता,
मांडीच्या उंचीवर.
तेव्हा मी त्याचा विचार केला नाही.

सोमवारी आलेख उघडले.
सगळ्यात जास्त टाळ्या वाजवणारे मास्तर
पाणी भरलेल्या खाचरासारखे सपाट.
बाकी सगळ्या रेघा एकाच ठिकाणी उसळलेल्या,
त्या चार मिनिटांच्या काळोखात.
सर म्हणाले, "तो भाग काढून टाका,
तेव्हा नाटक चालू नव्हतं."

आणि एकोणीस.
मिनिटाला एकशे अठ्ठावीस ठोके,
पहिल्या घंटेपासून पहाटेपर्यंत.
राजा येवो, राजा जावो,
ना चढ, ना उतार.
"पट्टा बिघडलाय," सर म्हणाले.
मी फोन लावला.

"बिघडला कसला?" निंगव्वा हसली.
"पोरगं किरकिर करत होतं,
तुमच्या दिव्याकडं बघून गप झालं.
मग त्यालाच बांधला की.
रात्रभर हलला नाही बघा."
"आणि तुम्ही? नाटक?"
"बघितलं की! तिसऱ्या अंकात
काय रडले मी, अक्का,
सातेरीचा राग आला,
उठून दोन शब्द सुनवावेत असं वाटलं."

ते रडणं कुठल्याच तक्त्यात नाही.
तक्त्यात आहे झोपलेल्या एका मुठीएवढं काळीज,
ज्याला राजा, लेक, वेस
यांच्याशी काही देणंघेणं नव्हतं
आणि तरी ज्याच्याइतकं भरधाव
त्या रात्री कुणीच धावलं नाही.

मी फॉर्म काढला.
वयावर काट मारली,
एकतीसच्या जागी चार महिने.
मातृभाषा : अजून ठरायची आहे.
सही केली, तारीख घातली.

मग सरांनी सांगितल्याप्रमाणे
ती ओळ पुसून टाकली.
अहवालात एकोणचाळीस आहेत.